पंपाखालचा टॉवेल

केरबा औषध पिऊन मेला, असं आप्पासोनं गावभर केलं. आपला गडी मळ्यात फवारताना मेला म्हटलं की बोट मालकाकडं येतं. प्याला म्हटलं की ते बायकोकडं वळतं. साळूनंच छळला असंल, असं पाणवठ्यावर बायका कुजबुजायच्या. मी तिची शेजारीण. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दुष्काळ सरला आणि दुसऱ्याच वर्षी उसावर पाकोळी कीड पडली. आप्पासोनं सांगलीहून औषध आणलं. दुकानदारानं बजावून सोबत रबरी कोट आणि हातमोजे दिले होते. कोट आप्पासो पावसात मिरवायचा. केरबाला म्हणाला, "तोंड बांध म्हंजे झालं. पोटात गेलं तरच इख." केरबानं तोंड बांधलं. पंप रुतू नये म्हणून उघड्या पाठीवर टॉवेलाची घडी घातली. पंप मेला गळका. दिवसभर ती घडी औषध पीत राहिली आणि घडीतलं पाठ पीत राहिली. सांजेला तोंडाला फेस आला. बैलगाडी रहिमतपूरला पोचायच्या आत केरबा गेला.

तेराव्याला खांदेकऱ्यांना टॉवेल-टोपी द्यायची आमच्याकडं रीत. आप्पासोनंही लोकांदेखत चार पावलं खांदा दिला होता. चोर तो चोर, वर शिरजोर! मान घ्यायला तो पहिल्याच रांगेत बसला. साळूचा भाऊ आहेर करत होता. आप्पासोची पाळी आली तशी साळू पुढं झाली आणि तिनं आपल्या हातानं त्याच्या मानेवर टॉवेल टाकला. त्यानं हात जोडले. मग मान चाचपली.

"ओला कसा गं ह्यो?"

"त्यांच्या पंपाखालचा हाय, आप्पासो. तुमच्यासाठनं राखून ठिवला."

आप्पासो इंगळी डसल्यासारखा उठला. टॉवेल भिरकावला, सदरा टराटरा फाडला आणि हौदाकडं धावत सुटला. "साबन आना, साबन! कातड्यातनं आत जातंय ते! बगत काय बसलाय, खुळ्यांनो?"

कुणी जागचं हललं नाही. पाणवठ्यावरच्या बायका खाली बघू लागल्या. मला राहवेना. "ऐकलंसा न्हवं समद्यांनी?" मी म्हणाले. "कातड्यातनं जातंय म्हनं!"

साळूनं टॉवेल उचलला, पिळला आणि त्यानंच तोंड पुसलं. मी किंचाळले.

"भिऊ नगंस," ती म्हणाली. "त्यांचा त्यांच्यासंगट जळाला. ह्यो बाजारातला नवा हाय. आडाच्या पान्यात बुडवून आनलाय."

कुणीतरी हे सांगायला हौदाकडं निघालं. तिकडं आप्पासो मान लाल होईस्तोवर घासत होता. साळूनं त्या माणसाची वाट अडवली.

"घासू दे त्येला. माज्या धन्याला कुनी साबन दिला न्हवता."