ओल्या भिंतीवरचा समाधान

मंतरलेल्या पाण्याचा तांब्या भिंतीवर रिकामा झाला आणि गर्दी पुढे सरकली. चाकणच्या कारखान्यांमागची ती बिनरंगाची सिमेंटची भिंत भिजून काळी पडली. मधोमध मात्र एक चेहरा फिकट उरला. पुढे आलेले कान, विरळ मिशी. प्रेस मशीनमध्ये हात चिरडून मेलेला समाधान.

"आलं माझं लेकरू!" यशोदाबाईंनी भिंतीला गाल टेकवला.

"आत्मा पाण्यात विरघळतो, सिमेंटात झिरपतो!" जलनाथ महाराज माइकवर गरजले. "नासाला जमलं का हे? का नाही जमलं? त्यांच्याकडे इंद्रायणी नाही!"

"बाबांची शिफ्ट जोरात हाय, राव," मागून कोणीतरी म्हणालं.

"गप रं, पाप लागंल," शेजारच्या गवराबाई फिस्कारल्या.

मंडप शेखर ठेकेदाराचा होता. समाधान त्याच्याच हाताखाली कामाला होता.

महाराजांनी आवाज उतरवला. "माउली, कोर्टकचेरीच्या घरात आत्मा येत नाही. शेखरवरची तक्रार उद्या मागे घे. नाहीतर लेकरू परत दिसायचं नाही."

"घेते, महाराज. त्यो येत राहिला म्हंजे झालं."

हे ऐकून समाधानची बहीण वर्षाली पुढे आली. इतके दिवस ती गप्प होती. कारण भिंतीवर चेहरा दिसू लागल्यापासून आई पुन्हा जेवू लागली होती.

"भाऊ, पाण्याची बाटली द्या जरा. मंतरलेलं नाही ना?" तिनं शेजारच्या कामगाराला विचारलं.

"कंपनीच्या कूलरचं हाय, ताई."

वर्षाली भिंतीच्या कोरड्या टोकाशी गेली. तिनं पिशवीतून एक्स-रेची फिल्म काढली. फिल्ममध्ये ब्लेडनं चेहरा आणि खाली काही अक्षरं कोरली होती. ती भिंतीला धरून तिनं स्प्रेच्या डब्यातला फवारा मारला. भिंतीवर काहीच उमटलं नाही.

"पोरीच्या अंगात आलंय," महाराज म्हणाले.

"बुटांवर मारायचा स्प्रे आहे, बाबा. तो लागला की पाणी मुरत नाही. थांबा, वाळू द्या."

ऊन कडक होतं. फवारा लवकर वाळला. मग तिनं बाटली ओतली. भिंत भिजून काळी झाली. फवारा लागलेली जागा कोरडी, फिकट राहिली. दुसरा समाधान उमटला. त्याच्याखाली अक्षरं होती. पहिल्या चेहऱ्याखाली नेमक्या त्याच जागी महाराजांनी शेंदूर थापला होता.

कोणीतरी मोठ्यानं वाचलं, "सेन्सर कोणी बंद केला?"

हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर. माल भराभर निघावा म्हणून शेखरनं तो बंद ठेवायला लावला, अशी यशोदाबाईंची तक्रार होती.

"आधी कारखान्याच्या पुढच्या भिंतीवर काळ्या रंगानं काढलं होतं," वर्षाली म्हणाली. "त्याच दिवशी शेखरच्या माणसांनी चुना फासला. म्हणून असं काढलं, पुसायला सापडू नये म्हणून. लोकांनी प्रश्न वाचावा एवढंच होतं माझ्या मनात. तुम्ही नारळ फोडले."

माइक बंद झाला. महाराज गाडीकडे निघाले होते.

यशोदाबाईंनी लेकीकडे पाहिलं. "मंग त्यो येत नव्हता?"

"नाही, आई."

"मी त्याच्याशी बोलायची गं. रोज."

आईनं फिल्म वर्षालीच्या हातातून घेतली, उन्हाकडे धरली. कोरलेल्या चेहऱ्याच्या कडेला पांढरी, मोडलेली बोटं दिसत होती.

"ही?"

"दादाचीच. दवाखान्यातला एक्स-रे आहे."

यशोदाबाईंनी त्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं. मग त्या तिथंच खाली बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घ्यायलाही गेल्या नाहीत.

ऊन-वाऱ्यानं हा फवारा झिजतो. थोड्या महिन्यांत ती भिंत भिजेल आणि सगळीकडून सारखीच काळी दिसेल. मेलेलं माणूस सिमेंटातून परत येत नाही, कितीही तांबे ओता. त्याच मशीनवर आज दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू उभं आहे. त्याला वाचवायला मंत्र लागत नाही, चालू सेन्सर लागतो. तो चालू आहे का, हे शेखरला आधी विचारा. नारळ मग फोडा.