पान आधी फुटलं

मी अंजिराची काडी बोलतेय. आज मला बघणारा झाड म्हणेल. कुंडीसकट हलवायला दोन माणसं लागतील इतकी मी वाढले आहे. पण मी बियांतून उगवलेली नाही. एका झाडाची फांदी छाटून मला केलं, म्हणून मी स्वतःला अजून काडीच म्हणते.

ते झाड वीज कंपनीच्या क्वार्टर्समागे होतं. तिथे राहणाऱ्या एका वायरमनने ते लावलं होतं. दिवसभर खांबावर चढणारा हा माणूस संध्याकाळी घरी आला की आधी मागच्या दारी जायचा आणि पिकलेलं अंजीर शोधायचा.

"अरे, निदान हात तरी धू!" त्याची आई आतून ओरडायची.

"पाखरं हात धुतात का?" तो विचारायचा, आणि त्याची बायको पदरात तोंड लपवून हसायची.

वादळानंतर तुटलेल्या तारा जोडायला तो एकदा गेला, आणि खांबावरून पडला. घरी आणला तेव्हा त्याचे हात कोणीतरी धुतलेले होते.

क्वार्टर नोकरीवरच्या माणसाची असते. माणूस गेला, तसं हिवाळा संपेपर्यंत घर रिकामं करायचं ठरलं. आई तिच्या मुलीकडे राहायला जाणार होती. सून एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती, ती तिथेच जवळ एक खोली घेणार होती. दोघींनी भांडी वाटून घेतली, अंथरुणं वाटून घेतली. भांडण नाही, तंटा नाही. एकमेकींना "हे तुम्ही घ्या", "नाही, हे तुलाच लागेल" असं म्हणत त्या घर मोडत होत्या. मग दोघींची नजर मागच्या दाराकडे गेली.

"हे कसं न्यायचं?" सासूबाई म्हणाल्या.

सून नर्सरीवाल्याला विचारून आली. झाडाची पानं गळलेली होती, म्हणजे वेळ अगदी बरोबर होती. तिने पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या निवडल्या, प्रत्येकीवर तीन-चार डोळे ठेवले आणि खालच्या डोळ्याजवळ तिरका छेद दिला. पांढरा चीक ओघळला. आम्ही सहा जणी होतो. तिने आम्हाला धुतलं, ओल्या कागदात गुंडाळलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या माथ्यावर ठेवलं. तिथे थोडी ऊब असते.

"कागद किती ओला?" सासूबाईंनी विचारलं.

"पिळलेल्या चादरीइतका," सून म्हणाली. रोज शेकडो चादरी हाताळणारी बाई ती, तिला दुसरी उपमा कुठून सुचणार?

पिशवीत अंधार होता. दर थोड्या दिवसांनी सून आम्हाला उघडायची, वारा द्यायची, कागद बदलायची. दोघींना बुरशी लागली, त्या गेल्या. उरलेल्यांच्या सालीवर पांढरे बारीक फोड आले. सासूबाई घाबरल्या. "गोवर आला की काय?" त्या म्हणाल्या, आणि सून त्या अपघातानंतर पहिल्यांदा हसली. ते फोड म्हणजे मुळांची सुरुवात होती.

मग आम्हाला प्लास्टिकच्या एकेका पारदर्शक ग्लासात लावलं. ग्लासाच्या बुडाला भोकं, आत नारळाच्या काथ्याचं भुसभुशीत कोकोपीट, वरून पिशवीची टोपी. आम्ही चौघी खिडकीशी बसलो. काही दिवसांनी माझ्या शेजारणीला पान फुटलं. हिरवंगार, कोवळं, एखाद्या तान्ह्या बाळाच्या पंजासारखं.

सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. सून कामावर गेलेली. त्यांनी टोपी काढली, पानावरून बोट फिरवलं, आणि "पी गं बाई, पी" म्हणत तांब्याभर पाणी घातलं. एकीलाच कसं द्यायचं, म्हणून इतर दोघींनाही घातलं. मी कोपऱ्यात पडद्याआड होते, तेवढी राहून गेले.

त्यांना कुठे ठाऊक होतं! पान आलं म्हणजे मूळ आलं असं नसतं. काडीच्या पोटात आई-झाडाचा थोडा रस शिल्लक असतो, त्याच्यावर ती पान काढते. बाहेरून वाटतं, हिने जीव धरला. आतून ती फक्त शिल्लक खात असते.

आठवड्याभरात तिघी काळ्या पडल्या.

"आई, सांगितलं होतं ना मी, पाणी घालू नका म्हणून!" सून ओरडली. त्या घरात इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "एवढं एकच होतं त्यांचं!"

"माझ्या हाताला यशच नाही बघ," सासूबाई म्हणाल्या. "मी जे वाढवते ते..."

पुढचं त्यांनी गिळलं. सुनेनेही ऐकलं नसल्यासारखं केलं. त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या वेळी जेवल्या.

मला पान उशिरा आलं. पण एके सकाळी ग्लासाच्या भिंतीला टेकलेली माझी पांढरी मुळं दिसली, सुताच्या गुंड्यासारखी गुरफटलेली. सुनेने ग्लास सासूबाईंच्या समोर धरला. मग सुनेने माझी टोपी रोज थोडा थोडा वेळ काढून मला उघड्या हवेची सवय लावली. शेवटी मला कुंडीत लावलं. मातीचा गोळा फुटू नये म्हणून तिने ग्लास कात्रीने कापला.

ज्या दिवशी नणंद आईला न्यायला आली, त्या दिवशी सगळं सामान गाडीत चढलं आणि मी उंबऱ्यावर उरले.

"तुम्ही न्या," सून म्हणाली.

"नको. मी पाणी घालून मारीन."

"नाही मारणार. मातीत बोट घालायचं. आत कोरडं लागलं तरच पाणी. मी फोन करून विचारीन."

"तुला नको का पण? तुझा नवरा होता तो."

"तुमचा मुलगा होता," सून म्हणाली, आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवून तिने गाडीचं दार लावलं.

अशी मी नणंदेच्या बाल्कनीत आले. सासूबाईंनी माझ्यासाठी पाण्यावरचा हात आवरला. सुनेचा फोन यायचा. "कसं आहे?" ती विचारायची. "पाच पानं झाली," सासूबाई सांगायच्या. "ऊन लागतं का?" "लागतं, दुपारपर्यंत." माझ्याबद्दल बोलायचं असलं की दोघींची जीभ सुटायची. स्वतःबद्दल कोणीच कोणाला विचारत नसे.

मग एकदा सून म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं. आमच्या लाँड्रीच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. चांगले आहेत. आम्ही लग्न करतोय."

सासूबाईंनी माझ्या कुंडीची कड घट्ट धरली. "जपून चालवतो का गाडी?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

"मग बरं केलंस."

फोन ठेवल्यावर त्यांनी बादली भरून आणली आणि मला पाणी घालायला लागल्या. थांबेचनात. पाणी बाल्कनीभर पसरलं, खालच्या मजल्यावरची बाई ओरडली, तेव्हा कुठे त्या भानावर आल्या.

त्यानंतर फोन आटले. सुनेला वाटलं असेल, आता कोणत्या तोंडाने विचारू? सासूबाईंना वाटायचं, नव्या संसारात जुन्या सासूने कशाला डोकवायचं? मला पहिली अंजिरं आली तेव्हा त्यांनी फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि पुन्हा पदराला पुसून ठेवून दिला. अंजिरं पाखरांनी खाल्ली. त्यांनी पाखरांना हाकललं नाही.

या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी सासूबाई तापाने आजारी पडल्या आणि गेल्या. घर माणसांनी भरलं. सून आली ती दाराशीच उभी राहिली. शेजारच्या एका बाईने तिला जागा करून दिली आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

एवढ्या नात्यांच्या शब्दांत सुनेसाठी एकही शब्द नव्हता.

"ही आमची वहिनी," नणंद स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तेव्हा सून जी रडायला लागली, तिला कोणी थांबवलं नाही.

माणसं पांगल्यावर दोघी बाल्कनीत आल्या. "वहिनी, हे झाड तू घेऊन जा. मी दिवसभर कामावर, माझ्याने नाही होणार."

सुनेने माझं एक पान दोन बोटांत धरलं. "माझा नवरा भला माणूस आहे," ती म्हणाली. "'ने' म्हटलं तर आनंदाने नेईल, आणि रोज पाणीही घालेल. पण तो या झाडाला पाणी घालताना मला बघवणार नाही गं. इथेच राहू दे. आईंनी वाढवलंय."

ती गेली. मी तिला दोष देत नाही.

आता थंडी पडली आहे. माझी पानं पिवळी पडून गळून गेली आहेत. दरवर्षीच गळतात. पण नणंदेने कधी ते पाहिलं नव्हतं, बाल्कनी आईची होती. आज तिने कचरा नेणाऱ्या माणसाला बोलावून सांगितलं, "भाऊ, उद्या ही कुंडी उचला. आईच्या मागे झाडही गेलं हो." हे सांगताना तिचा आवाज भरून आला. म्हणजे ती मला नकोशी म्हणून टाकत नाही, मेलेली म्हणून टाकते आहे.

मला बोलता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला तिच्याशी बोलता येत असेल तर एवढं सांगा. म्हणावं, बाई, उद्या तो माणूस यायच्या आत बाल्कनीत ये. माझ्या सालीवर नखाने जरासं खरवड. आत हिरवं आहे.