निमू उठला तर

मालविका झोपत नाही, एवढीच तिच्या घरच्यांची तक्रार होती. खाते, थोडंफार बोलते, शाळेत पाठवलं तर जातेही. पण रात्रभर नदीकडच्या खिडकीशी बसून राहते आणि कुणी खिडकी लावायला गेलं की ओरडते. सात वर्षांची पोर, पण डोळे असे तांबारलेले की बघणाऱ्याला वाटावं हिला डोळे आलेत. आधी वैद्य झाले, मग दृष्ट काढून झाली. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून तिला ट्रस्टच्या दवाखान्यात आणलं, वरच्या मजल्यावर, मुलांच्या मनाचं बघणाऱ्या नीरजाकडे.

पहिल्या दिवशी आजी बरोबर होती. खोलीतल्या बाहुल्या, ठोकळे, वाळूचं घमेलं, पाण्याचा टब या सगळ्यावरून नजर फिरवून ती गंगाकाठच्या जुन्या मराठी घरांतल्यासारखी हिंदी मिसळत म्हणाली, "दवाखाना म्हणायचा का खिलौन्यांची दुकान?" मग नीरजाला निरखत, "तू दूधविनायक गल्लीतल्या पाटणकरांची ना गं? तरीच. तुझी आईपण अश्शीच. समोरच्याला बोलू द्यायची आणि आपण नुसतं हूं हूं."

"मी त्याचीच तर डिग्री घेतली, आजी."

आजी हसली नाही, पण टेकली. हकिकत तिनंच सांगितली. मालविकाचा धाकटा भाऊ निमिष, घरचा निमू, अजून धड रांगतही नव्हता. माघात तापानं गेला. एवढ्या लहानाला काही अग्नी देत नाहीत. प्रल्हादनं, म्हणजे मालविकाच्या बाबांनी, त्याला नावेतून नेऊन गंगेत सोडलं. नीरजानं मान हलवली आणि पुढचं विचारलं.

बाहेरगावची कुणी असती तर तिथेच अडखळली असती. सोडलं म्हणजे नेमकं काय केलं, कुणी कुणी पाहिलं, असं खोदून विचारलं असतं तिनं. नीरजा इथलीच. तिच्या आईचं पहिलं मूलही असंच गेलेलं, आणि घरात त्याचं नाव कधी निघालं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट विचारायची कशाला?

तिच्या कामाचा एक नेम होता. मूल खेळतं, आपण बघायचं. मध्ये हात घालायचा नाही. मालविका वाळूला शिवेना, चित्र काढीना. दर वेळी यायची ती थेट टबाशी बसायची. सगळ्यांत लहान रबरी बाहुलं पाण्यात बुडवायची, लगेच वर काढायची, फ्रॉकला पुसायची, कानाशी धरायची. पुन्हा बुडवायची. नीरजाला वाटलं, भीती आहे ही. आपल्यालाही एक दिवस असंच नेतील म्हणून पोर झोपत नसेल. तिनं तीच दिशा धरली. तुला कुणी कुठे नेणार नाही, आईबाबा आहेत, आजी आहे, असं खेळता खेळता परोपरीनं तिच्या मनावर ठसवत राहिली. मालविका शहाण्यासारखी ऐकून घ्यायची आणि घरी जाऊन पुन्हा खिडकीशी बसायची.

नीरजाचा स्वतःचा यज्ञेश दहा महिन्यांचा होता. दुपारी घरी धावत जाऊन त्याला पाजायचं आणि परत यायचं, असा तिचा दिवस. एका दुपारी तो अंमळ जास्तच वेळ झोपला. तिनं वाकून त्याच्या छातीला कान लावला.

"अगं झोपलंय ते," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "कशाला छळतेस? उठेल आणि भोकाड पसरेल आपोआप."

त्या संध्याकाळी मालविकानं बाहुलं कानाशी धरलं तेव्हा नीरजानं आपला नेम मोडला.

"काय ऐकतेस गं?"

"रडतोय का ते."

"कोण?"

"निमू. और कौन?" मालविकानं तिच्याकडे असं पाहिलं, की एवढं कसं कळत नाही हिला. मग बाहुलं पुसत पुसत म्हणाली, "आजी म्हणाली निमू झोपलाय, हात लावू नको. बाबा त्याला नावेतून फिरवून आणतील. मी खिडकीतून बघत होते. बाबांनी त्याला पत्थर बांधला आणि पाण्यात ठेवला. झोपलेलाच. उठवलंच नाही."

नीरजा टबाशी तिच्या शेजारी खाली बसली.

"तो उठला तर रडेल ना? उठल्यावर त्याला लगेच भूक लागते. घरात सगळे सोऊन जातात, मग कोण सुनेल?" मालविकानं आवाज उतरवला. "मावशी, त्या दिवशी बाबा चष्मा घरीच विसरून गेले होते. त्यांना दिसलं नसेल, झोपलाय ते. मी कुणाला सांगितलं नाही. तू पण नको सांगू."

म्हणजे भीती नव्हतीच. पोर पहारा देत होती. आणि बापाची चूक इतके दिवस एकटीनं झाकत होती.

"बाबांनाच विचारूया का, दिसलं होतं का त्यांना?" नीरजानं म्हटलं. "मी असेन तुझ्याबरोबर."

"रागवू नको त्यांना," मालविका एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रल्हादगुरुजी आणि मालविकाची आई, मृणालिनीवहिनी, दोघंच आले. नीरजानं सांगितलेलं ऐकून गुरुजींनी चष्मा काढला आणि हातातच धरून बसले.

"लोकांच्या घरी दहाव्याला मीच समजावतो, ताई. आत्मा अमर आहे, वस्त्र टाकावं तसं शरीर... तेच सांगू तिला?"

"तिला आत्मा नकोय, गुरुजी. श्वास कसा थांबला, अंग कसं गार पडलं, ते हवंय. तुमच्याच तोंडून. माझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही."

"एवढ्याशा पोरीसमोर 'मेला' म्हणायचं?"

"तोच शब्द लागेल."

"म्हणजे बरी होईल?"

"झोपेल." नीरजा म्हणाली. खोटं बोलणं सोपं होतं, आणि खोट्यानंच तर हे सगळं झालं होतं. "पण तिच्या लेखी निमू अजून आहे. एकदा तुम्ही सांगितलंत, की तिच्या लेखीही तो जाईल."

मृणालिनीवहिनी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "घरात एकीला तरी तो आहे ना. मग राहू दे की."

नीरजाची छाती दुधानं दाटली होती. घरी जायची वेळ टळून गेली होती. "वहिनी," ती म्हणाली, "ती एकटी सांभाळतेय त्याला. दमलीये."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला. मग मान हलवली.

पुढच्या भेटीला गुरुजी धोतर सावरत टबाशी खाली बसले. मालविका बाहुलं पुसत होती, वहिनी तिच्या शेजारी होत्या.

"मालू, निमू झोपला नव्हता."

तिचा हात थांबला. "तुमच्याकडे चष्मा नव्हता."

"नव्हता. पण मी हातानं बघितलं होतं. तो माझ्या मांडीवर होता. त्याचा श्वास थांबला. मी छातीला कान लावला, डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं. आधी पाय गार पडले, मग पोट. मग नेलं मी. निमू मेला, मालू. मेलेलं बाळ उठत नाही. त्याला भूक लागत नाही."

"थंडी?"

"थंडीपण नाही वाजत."

"पक्का?"

"पक्का."

मालविकानं नीरजाकडे पाहिलंच नाही. आईकडे पाहिलं.

"मी पाजून बघितलं गं त्याला," वहिनी म्हणाल्या. "पाजून बघितलं. त्यानं ओढलं नाही."

हे मात्र मालविकाला पटलं. तिनं बाहुलं टबाच्या काठावर ठेवलं, आईच्या मांडीत तोंड खुपसलं, आणि पहिल्यांदाच भावासाठी रडली. हुंदक्यांत मध्येच कधीतरी झोपली, तोंड उघडं टाकून.

बाहेर दुसरं मूल आलं होतं. नीरजानं दार किलकिलं करून त्याच्या आईला थांबायला सांगितलं. गुरुजी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

"उठली की पुन्हा विचारेल," वहिनी हळूच म्हणाल्या.

"विचारेल. पुष्कळ दिवस विचारेल. दर वेळी हेच सांगायचं."

"मी पण?"

"तुम्हीसुद्धा."

वहिनी लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग, कुणालाच उद्देशून नाही, मुलं धडा पाठ करतात तशा पुटपुटल्या, "निमू मेला." घसा साफ केला आणि पुन्हा म्हणून बघितलं.