इंजिनाला घातलेला हार

या मायबाप, असं जवळ सरका. मागं बसलेल्यांनो, तुम्हीबी या, गुडघ्याला गुडघा लागू द्या. पाण्यावरची एक गोष्ट आहे, मन भरेल अशी.

मांजरा नदीच्या काठी, धरणाच्या पाण्याला लागून शेषेरावांचं शेत. पल्याड मारुतीचं देऊळ. सडकेनं जायचं तर केवढा वळसा! म्हणून शेषेरावांनी नाव बांधली आणि केवळाबाईंनी खताची रिकामी पोती उसवून तिला शीड शिवलं. एकादशीला दोघं त्या शिडाच्या जोरावर कीर्तनाला जायची. वारा पडला की शेषेराव चुळबुळायचे आणि केवळाबाई टाळ काढायच्या. "वारा देवाचा, घाई तुमची," म्हणायच्या.

मग केवळाबाई गेल्या. पहिल्या पुण्यतिथीचं कीर्तन शेषेरावांनी त्याच देवळात ठेवलं आणि नेमका वारा पडला. वल्हं मारत पोचले तर आरतीचं ताट फिरत होतं. तिच्या नावानं झालेल्या कीर्तनातला एक शब्द कानी पडला नाही. वर्षभर ते सलत राहिलं.

यंदा चुकायचं नव्हतं. उदगीरचे वीरण्णा, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारे त्यांचे जुने दोस्त, बोटीचं एक वापरलेलं इंजिन घेऊन आले. नावेची मागची फळी पातळ. तिला आतून बाभळीचा ठोकळा जोडला, मग इंजिन चढवून पेच आवळले. पंखा नीट बुडतोय हे बघून वीरण्णा शीड गुंडाळायला लागले.

"ऱ्हाऊ दे ते," शेषेराव म्हणाले. "नाव शिडावरच जाईल. तुझं यंत्र निस्तं अडीनडीला."

"हाव, मीबी अडीनडीलाच आठवतो तुमाला."

"तू तर फुकट जेवायलाबी येतोस. घाल पेट्रोल."

नवी वस्तू पूजेवाचून चालवायची कशी? शेषेरावांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, घरी ओवलेला झेंडूचा भरगच्च हार घातला.

निघाले. अर्ध्या पाण्यात वारा पडला, शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबलं. वीरण्णांनी इंजिनाची दोरी ओढली. इंजिन बोललं, नाव पळाली, आणि जराशानं इंजिन घर्रकन अडकून बंद पडलं. वीरण्णांनी इंजिन वर कलतं केलं. हार घसरून पंख्याला गच्च गुंडाळला गेला होता.

"पूजा पावली बघा. दोरा हाय का साखळदंड?"

"शीड शिवून उरलेली तिची सुतळी हाय," शेषेराव म्हणाले. "तुटायची न्हाई. सोडवतो मी."

ते वाकून एकेक पीळ उलगडू लागले. सुतळी नायलॉनची, रुतून बसलेली. पल्याडून मृदंगाची थाप आली. वीरण्णांनी आपल्या पिशवीतून विळा काढला, पण पुढं केला नाही, नुसता मांडीवर धरून बसले.

"शेषेराव, सुतळी घरी हायेच की आणखी?"

"न्हाई. ही शेवटली."

मृदंग परत वाजला. शेषेरावांनी हात लांबवला. "दे हिकडं."

त्यांनीच कापली. पाकळ्या पाण्यावर पांगल्या, इंजिन सुरू झालं. काठाला लागताच ओल्या धोतरानंच ते मंडपात शिरले. बुवा नमनाला उभे राहत होते. "आजची सेवा केवळाबाईंच्या नावानं," बुवा म्हणाले. शेषेराव खाली बसले. तेलानं माखलेल्या हातांनी टाळी धरली आणि शेवटच्या गजरापर्यंत सोडली नाही.

तर मायबाप, पुढच्या एकादशीला कीर्तनाला बसाल, तेव्हा एक टाळी त्या शीड शिवणाऱ्या केवळाबाईसाठी वाजवा. तेवढी आठवण ठेवा.