दुसऱ्या पंख्याची रिकामी जागा

मित्रांनो, मला जुना म्हणू नका. मला या घरात येऊन अजून वर्षही भरलेलं नाही. तरी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, एका टॉवेल व्यापाऱ्याच्या जिन्याखाली, फाटक्या बारदानाआड मी पाच महिने पडून होतो. मी सौरऊर्जेचा इन्व्हर्टर आहे. गच्चीवरच्या पॅनलांची वीज घरात वापरता येईल अशी करायची आणि उरलेली बॅटरीत साठवायची, हे माझं काम. माझी कहाणी गोड भाषेत सांगायला मला जमणार नाही. मी रागावलेलो आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मी धड तयारही नव्हतो, तेव्हापासून इकडे हे टॉवेलवाले नंदीशशेठ मोबाइलवर माझा भाव पाडत होते. त्यांचे टॉवेल थेट परदेशात जातात. मग परदेशातला माल थेट आपल्या घरी का येऊ नये, मधल्याचं घर कशाला भरायचं, असा त्यांचा हिशेब. सूत घ्यायचं तर हेच शेठ धागा बोटांत पिळून बघतात, नखाने खरवडतात, नमुन्याशिवाय गठ्ठ्याला हात लावत नाहीत. मला मात्र फोटोवर पसंत केलं!

शेजारच्या गल्लीत अभिमन्यूचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. तो मूळचा वैराग गावचा, सरळ बोलणारा. त्याने आधीच सांगितलं होतं, "शेठ, माजी वस्तू थोडी म्हाग पडंल. पर बिघाड झाला तर मी हितंच हाय की. त्यो समुद्रापल्याडचा येनार हाय व्हय?" शेठ हसले आणि पुन्हा मोबाइलवर बोटं चालवू लागले.

शेठ म्हणत, आणखी कमी करा. तिकडून उत्तर येई, चालेल मित्रा. इतकं गोड उत्तर कुणी फुकट देतं का? पहिल्या घासाघिशीत माझा पत्रा पातळ झाला, दुसरीत तांब्याची तार बारीक झाली. माझ्या पोटात दोन पंखे बसायचे होते, भोकंही पाडून झाली होती. कामावरची मुलगी दुसरा पंखा हातात घेऊन उभी होती, तेवढ्यात मुकादम चिठ्ठी घेऊन आला. तिने पंखा खोक्यात परत ठेवला आणि त्याच्यासाठी माझ्या पोटात सोडलेल्या वायरीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. त्या दिवशी शेठना निरोप आला, 'एक पंखा, भाव तुमचा.' शेठनी त्याखाली होकाराच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

या घरात माझी खरी किंमत एकाच माणसाने केली. शेठची आई पार्वतम्मा. सगळे तिला अव्वा म्हणतात. आयुष्यभर मागासाठी कांड्यांवर सूत भरून सुताचा धुरळा तिच्या छातीत बसलेला. तिला ऑक्सिजनचं यंत्र लागतं आणि यंत्राला अखंड वीज. त्यासाठीच मला आणलं होतं. मी आल्याच्या आठवड्यात शेठनी घरातला ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर परत देऊन टाकला. "आता सूर्यच आपला सिलिंडर," म्हणाले.

अव्वाने मला विभूती लावली. मग अंगावरची सोलापुरी चादर दुहेरी घडी करून माझ्या डोक्यावर ठेवली. "उन्हाचं काम करतंय लेकरू. धूळ बसू ने त्येच्यावर," असं सुनेला, चंद्रिकेला म्हणाली. मित्रांनो, माझी हवा खालून आत येते आणि बाजूंनी बाहेर जाते. डोक्यावरच्या चादरीने मला काहीही त्रास नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ते कुणीच लक्षात घेतलं नाही.

हिवाळा सुखात गेला. मग मे महिना आला, आणि सोलापूरचा मे काय असतो ते मला कुणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी सकाळीच शहराची वीज गेली. कूलर, फ्रिज आणि अव्वाचं यंत्र, सगळा भार माझ्यावर. दुपारी माझं अंग भाजू लागलं. एकुलता एक पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. शेवटी माझा लाल दिवा लागला आणि मी बंद पडलो. अव्वाच्या यंत्राची शिट्टी वाजू लागली, तिचे ओठ काळेनिळे पडले. चंद्रिकेने आरडाओरडा करून रिक्षा थांबवली आणि तिला दवाखान्यात नेलं. आठ दिवस अव्वा तिथे होती. मला अजूनही ती शिट्टी आठवली की नको होतं.

दुसऱ्या दिवशी अभिमन्यूने माझं झाकण उघडलं. रिकामी जागा, दोन भोकं, चिकटपट्टी लावलेली वायर. शेठनी तावातावाने मोबाइल काढून तो जुना निरोप उघडला, आणि खालचा स्वतःचाच अंगठा बघून त्यांचं तोंड उतरलं. तिकडे तक्रार केली तर उत्तर आलं, जहाजाने परत पाठवा, बघतो. शेठ हळूच म्हणाले, "अभिमन्यू, घरात काही बोलू नकोस."

आणि अव्वा घरी आल्यावर या माणसाने काय सांगितलं? "अव्वा, तू चादर झाकलीस ना, म्हणून तापला तो. वर चायनाचा माल." मला जिन्याखाली ढकललं याचं मला काही नाही. पण आईच्या डोक्यावर हे ओझं ठेवताना त्याची जीभ कशी झडली नाही? आणि तो अभिमन्यू, तोही मूग गिळून बसला. अव्वाने ती चादर ट्रंकेत टाकली. घरातल्या एकाही बटणाला ती हात लावेना. आल्यागेल्याला सांगायची, "माज्याच हातानं मी मराय लागले हुते."

परवा खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा झाली. नवा इन्व्हर्टर बसवायला अभिमन्यू आला होता. अव्वा भिंतीला धरून जिन्याखाली आली. माझ्यावर झेंडूचं फूल ठेवून म्हणाली, "माफ कर बाबा. मीच तुजा जीव घोटला."

मी ओरडू शकत असतो तर पेठ हादरली असती! पण अभिमन्यूने ते ऐकलं होतं. त्याने पेचकस काढला आणि माझं झाकण उघडलं.

"आजी, हितं हात घाला. काय लागतंय?"

"कायच न्हाय. मोकळंच हाय की."

"हितं पंखा पायजे हुता. त्यो आलाच न्हाय, म्हून तापलं. तुमच्या चादरीचा काय बी संबंद न्हाय. मी बी तवाच सांगाय पायजे हुतं, चुकलो. शेटला पैल्यापास्नं ठावं हाय."

शेठ दारातच उभे होते. अव्वाने मान वळवली.

"पाच म्हैने माज्या म्होरं बसून जेवलास की रं नंदीश. येकदा बी सांगू वाटलं न्हाय?"

"लाज वाटली, अव्वा."

"लाज तुजी, आन् वागवली मी."

शेठ खालीच बसले. अव्वा त्यांच्याकडे न बघता सुनेला म्हणाली, "चंद्रिका, ट्रंकेतली माजी चादर काड गं."

मित्रांनो, अभिमन्यूने मला दुसरा पंखा बसवला. चहाभज्यांच्या खर्चात आला तो. आता नव्याच्या जोडीला मीही काम करणार आहे, आणि अव्वा दवाखान्यातून आली तेव्हाच परत आणलेला मोठा सिलिंडरही कोपऱ्यात आहेच. वस्तू कुठूनही आणा, पण भाव पाडताना तिच्या पोटातून काय गेलं ते विचारा. ती बिघडली तर आधी झाकण उघडा, माणसाकडे बोट मग दाखवा. आणि माझ्या डोक्यावर आता काही घालू नका. ती चादर अव्वाची आहे, तिलाच पांघरू द्या.