आठची प्लेट

पहिल्याच रविवारी प्रणय सरांनी सांगितलं होतं, "सुरुवात तुटलेल्या वस्तूनं करा. कुठून तुटली ते ठाऊक असलं, की मॉडेल खरं बोलतंय का नुसतं तुमचं मन राखतंय ते कळतं."

वस्तू कुठं तुटेल ते संगणकावर तपासायला शिकवणाऱ्या गारखेड्यातल्या त्या सिम्युलेशनच्या क्लासात कुणी खुर्चीचा पाय घेतला, कुणी मिक्सरचं भांडं. राजनंदिनीनं वडिलांच्या, अण्णांच्या, ट्रॉल्या बनवायच्या शेडमधली उसाची ट्रॉली घेतली. अण्णा उन्हाळ्यात गेले. गंगापूर रोडवरची शेड आता धाकटा कृष्णा बघायचा. अण्णा असतानाच तिथली एक ट्रॉली भर रस्त्यात ट्रॅक्टरपासून सुटली होती. ओढायची दांडी ज्या प्लेटला वेल्ड केलेली असते, तिथून ती निखळली. माणसं वाचली, ऊस सांडला. शेडमधला जुना वेल्डर खंडेराव पिऊन वेल्डिंग करतो, असं अण्णांनी चारचौघांत सांगितलं आणि राजनंदिनीला अंगाखांद्यावर खेळवलेल्या त्या माणसाला शेडमधून काढून टाकलं. तिला वाईट वाटलं होतं. शंका मात्र आली नव्हती. "दांडीला बाराची प्लेट. लोखंडात चोरी नाय," हे अण्णांचं बोलणं ऐकतच ती मोठी झाली होती.

म्हणून तिनं प्लेटची जाडी बारा मिलिमीटर भरली. एक बाजू पक्की धरली, दुसरीकडून ओढ दिली, गणितासाठी सगळ्यावर बारीक चौकटींची जाळी टाकली. पडद्यावर ट्रॉली निळी-हिरवी झाली. तुटण्याची जागा दाखवणारा लाल कुठंच नाही. तिनं वेल्ड अर्धं पुसलं. तरी प्लेट धरून राहिली.

"तुटेना का?" सर मागं येऊन उभे राहिले. "ट्रॉलीनं तुमचं ऐकलं नाही बघा."

वर्ग हसला. सरांनी खुर्ची ओढली. "वजन वाढवलं?"

"दीडपट धरलंय."

"आणि ही जाडी कुठून आणली?"

"वडील सांगायचे."

"व्हर्निअर लावलं?"

तिनं पडद्यावरच्या बाराच्या आकड्याकडं पाहिलं.

"मग मोजून या, मॅडम. त्याशिवाय पुढं जायचं नाही."

ती थोड्या रागातच शेडवर गेली. हंगाम तोंडावर आल्यानं तीन ट्रॉल्या ताज्या लाल रंगात उभ्या होत्या.

"ताई, आज इकडं कुठं? आई बरी हाय ना?" कृष्णानं विचारलं.

तिनं उकिडवं बसून पहिल्या ट्रॉलीच्या प्लेटला व्हर्निअर लावलं. आठ. दुसरीला लावलं, मग तिसरीला. तिन्ही आठच्याच.

"कृष्णा, अण्णा बाराची लावायचे."

"आधी लावायचे. लोखंड महागलं, मग त्यांनीच आठची सुरू केली. गिऱ्हाईक काय मोजायला बसतंय? रंग बघतं."

"ती सुटलेली ट्रॉली?"

कृष्णानं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "तीबी."

"खंडेरावकाका काही बोलले नाहीत?"

"बोलला की. लई कटकट केली. नाय टिकायची म्हणला. अण्णांनीच दटावून लावायला लावली. मग सुटल्यावर नाव कुणाचं घ्यायचं? आपल्या शेडचं?"

"आणि दारूचं?"

"त्याबिगर लोकांना पटलं असतं व्हय?"

अण्णांच्या अंत्ययात्रेत खंडेराव खांदा द्यायला पुढं आला, तेव्हा कृष्णानं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं सारलं होतं. भाऊ अण्णांचा मान राखतोय, असं तेव्हा तिला वाटलं होतं. त्या हाताकडं ती आता बघत राहिली.

लॅपटॉप ट्रॉलीच्या फळीवर ठेवून तिनं पुसलेलं वेल्ड परत पूर्ण केलं आणि बाराच्या जागी आठ लिहिलं.

"गेलेल्या माणसाचं काय उकरतेस, ताई? वर्षश्राद्ध तरी होऊ दे."

गणित संपलं. वेल्ड होतं तसं होतं. त्याला लागून, प्लेटमध्येच, लाल रेघ उमटली. तिचं पहिलं मॉडेल जमलं होतं आणि ते ज्यांना दाखवायचं म्हणून तिनं उन्हाळ्याआधीच क्लासात नाव घातलं होतं, ते अण्णाच होते.

"बाराची लावल्याशिवाय या तिन्ही जाणार नाहीत," ती म्हणाली. "आणि बाहेर गेलेल्या परत बोलवायच्या."

"तू कोण सांगणार?"

"शेड आईच्या नावावर आहे. तिला आजच सांगते."

बाहेर येऊन तिनं खंडेरावकाकांना खुलताबादला फोन लावला.

"काका, तुमचं वेल्ड सुटलं नव्हतं."

पलीकडं शेळ्यांची बें-बें ऐकू आली. मग खंडेराव म्हणाला, "ते मला ठावं हाय, नंदा."

"अण्णा खोटं बोलले. माझ्याशीसुद्धा."

"बापाला असं बोलू नये."

"ज्यांच्यासमोर बोलले, त्या सगळ्यांना मी सांगते."

"लोकांचं राहू दे. आमच्या घरी येऊन सांग. तुझ्या बानाबाई काकूला अजून वाटतं मी त्या दिशी घेतली व्हती. माझं ऐकत नाय. म्हणती, अण्णा देवमाणूस, ते कशाला लबाड बोलत्याल?"

घाट चढून ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. बानाबाईनं तिला जवळ घेतलं आणि अण्णांच्या नावानं डोळ्यांना पदर लावला. "लई मोठा माणूस गं. ह्यांनी एवढं करूनबी आमच्या घरावर कधी राग धरला नाय." खंडेराव अंगणात शेळीच्या दाव्याची गाठ सोडत होता. सुटलेली गाठ त्यानं परत मारली.

राजनंदिनीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"काकू, काका त्या दिवशी प्यायले नव्हते. अण्णांना ते माहीत होतं."

बानाबाईचा पदर डोळ्यांपाशीच थांबला. तिनं राजनंदिनीकडं पाहिलं नाही. ती वळली आणि अंगणातल्या नवऱ्याकडं बघू लागली.