काळ्या कडप्प्यावरचे दोन न

"आई, मी ओटा तोडायला सांगतेय का? नुसता स्टिकर लावायचाय वरून."

"म्हंजे तोंड झाकायचं तिचं."

"तिचं कोणाचं? दगड आहे तो. पांढऱ्या संगमरवराचं डिझाईन आणलंय. दुपारी बाराला ट्यूब लावून भाकऱ्या थापतो आपण, तेवढाच उजेड पडेल जरा."

"मग ट्यूब बदल. दगडाने काय केलाय तुझा?"

मी त्याच ओट्यावरची कडप्प्याची लादी बोलतेय. भांडण माझ्यावरून चाललं होतं आणि माझ्यावर हात ठेवूनच चाललं होतं. एका टोकाला पुतळाबाईचा हात, दुसऱ्या टोकाला त्यांच्या सुनेचा, नमिताचा. मधोमध स्टिकरची जाड गुंडाळी. ती घेऊन कोपरखैरण्याहून आलेला दीपेश टेपने माझी लांबी मोजत होता. माणूस कामाचा होता, पण एवढा वेळ अंगावर टेप फिरवून त्याने माझ्याकडे एकदाही धड पाहिलं नाही. ते मला आवडलं नाही. मी काळी आहे, तळवलीतल्या निम्म्या घरांत माझ्या बहिणी आहेत, पण म्हणून कुणीही यावं आणि मापं घेऊन जावं अशी मी नाही.

दगडाला झोप फार. मी मुळात पाण्याखालचा गाळ. थरावर थर बसत गेले, किती काळ ते पाण्यालाही आठवणार नाही. पुढे पाणी निघून गेलं, खाणीत करवत आली, ट्रक आला. तरी माझ्या झोपेत अजून काहीतरी संथ हलत असतं. खाडीकडून वारा आला की ते जास्त हलतं.

मला बसवलं तेव्हा हे घर नवं होतं. खिडकीबाहेर शेत होतं, उन्हाची चौकट रोज माझ्यावर पडायची आणि दिवसभर सरकत सरकत गॅसपाशी जायची. आता खिडकीपासून तीन फुटांवर शेजाऱ्यांची चार मजली भिंत आहे. अंधाराबद्दल नमिता खोटं बोलत नव्हती. एवढं मान्य करते.

पुतळाबाई तेव्हा पंचविशीची. तिचा नवरा गोटीराम तुर्भ्याला कंपनीत होता. सुट्टीच्या दिवशी माझ्या कडेला चहा ठेवायचा आणि पेपर मनातल्या मनात वाचायचा. एकदा तिने विचारलं, "काय लिवलंय?"

"तुला सांगून काय उपयोग," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. पान उलटलं आणि विसरला.

ती विसरली नाही. पुन्हा विचारलंही नाही.

दुपारी घर निजायचं. मग ती तांदळाच्या पिठाचा पातळ थर माझ्यावर पसरायची आणि त्यात बोट फिरवायची. पीठ बाजूला व्हायचं आणि माझा काळा रंग वर यायचा, रेघ होऊन. अंगावर कुणी हलकेच फुंकर घालावी तसं वाटायचं मला. शिकवायला कोणी नव्हतं. चहाच्या पुड्यात चहा असतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून पुड्यावरचे दोन आकार म्हणजे च आणि हा. मिठाच्या पिशवीवरून ‘मी’ हे अक्षर मिळालं. तेलाच्या बाटलीवर नारळाचं चित्र, तिथून न आला. बोट थबकायचं, पुसायचं, पुन्हा फिरायचं. तिचा तान्हा विपुल झोपेतून उठून रडला की ती तळहाताने सगळं एका झटक्यात गोळा करायची आणि त्याच पिठाची संध्याकाळी भाकरी थापायची. त्या घराने कितीतरी अक्षरं खाल्ली. कुणाला कळलं नाही.

मग कॅलेंडर आलं. भिंतीवर गणपती, पुढच्या पानावर कृष्ण, आणि त्यांच्या नावांत एक नवाच आकार. तिच्या तोंडात तोही ‘न’च होता. तळवलीत पाण्याला पानी म्हणतात आणि गणपतीला गनपती, मग एका आवाजाला दोन अक्षरं कशाला? तिने दोन्ही माझ्यावर शेजारी शेजारी काढली. साधा न, आणि दांड्याअलीकडे दोन पाय सोडलेला ण. हनुवटीला पीठ लावून बराच वेळ बघत बसली. पुढे तो ण तिला सणात भेटला, पाण्यात भेटला, लग्नपत्रिकेतल्या "आपण सहकुटुंब यावे"मध्ये भेटला. तेव्हा तिने मान डोलावली. मनाशी काय ठरवलं, ते मला कळलं नाही.

वर्षं गेली. गोटीराम गेला. पुतळाबाई महिला मंडळात बोलायला लागली, गावातल्या बाया सोसायटीच्या नोटिसा घेऊन तिच्याकडे यायला लागल्या. कोणीतरी फॉर्म भरताना विचारलं, शिकलात किती? "चवथी पास," ती पापणीही न लववता म्हणाली. तेवढा एकच थर खोटा, पण त्यावर पुढचे सगळे बसत गेले.

विपुलचं लग्न ठरलं, करंजाड्याची नमिता सून म्हणून यायची होती. संसाराच्या भांड्यांवर नाव घालायचं ते सासूने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं. विपुलला हात लावू दिला नाही. दुकानदाराच्या मशीनने जसंच्या तसं कोरलं: डबे, पातेली, परात, सगळ्यांवर सौ. णमिता. माहेरची माणसं पोट धरून हसली. नमिताही तेव्हा हसली. मग सहा वर्षं रोज ती भांडी घासत राहिली.

ते सगळं त्या स्टिकरच्या दुपारी बाहेर आलं. दीपेश म्हणाला, "वहिनी, दगड कोरडा पायजे. टोक मी धरतो, तुमी मागचा कागद ओढा." थंड, चिकट काहीतरी माझ्या कोपऱ्यावर टेकलं. झोप आणि झाकणं यात फरक असतो, हे मला तेव्हा समजलं.

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जुनी काळी असेल. खुशाल कपाटं रंगवा, कड्या बदला, माळ्याखाली दिव्यांची पट्टी लावा, मी नाही म्हणत नाही. इथेही ते झालंच. कपाटं आता पोपटी आहेत, भिंतीला फिकट टाइल्सचा स्टिकर आहे, पट्टीचा उजेड दुपारी माझ्यावर सांडतो आणि मला जुन्या उन्हाचा भास होतो. मला मात्र घासून खोबरेल तेलाचा हात दिलाय आणि तशीच उघडी ठेवलीय. उघड्या फळीवर समोरच ती भांडी आहेत, नावं बाहेरच्या बाजूला करून मांडलेली, आणि तशी ती नमितानेच मांडली. माझी विनंती एवढीच, की झाकण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा, रिकाम्या दुपारी ती इथे काय करायची. नाही सांगणार ती पटकन. पुतळाबाईनेही सांगितलं नसतं.

पण त्या दुपारी नमिताने कागद ओढायला घेतला आणि तिचा हात थांबला. "आणि ती भांडी माळ्यावर जातील," ती म्हणाली. "पाहुण्यांसमोर णमिता नाही मांडणार मी. अख्ख्या गावाच्या नोटिसा वाचता तुम्ही, चौथी पास आहात. एक नाव नीट लिहिता येत नव्हतं? मुद्दाम केलंत आई तुम्ही. पहिल्या दिवसापासून माझं हसं केलंत."

दीपेशने टेप मिटला आणि खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत उभा राहिला.

पुतळाबाईचा तळवा माझ्यावर होता. तो आधी घट्ट झाला, मग सुटला, आणि एक बोट आपसूक फिरायला लागलं, जणू खाली पीठ आहे.

"मुद्दाम नाय गं," ती म्हणाली, "मी शालेत कदी गेलेच नाय, या काल्या दगडाव पिठात बोट घालून एकटीच शिकले, आनि मना वाटलं, घरात सून येते तर तिला देवाच्या नावातला न द्यावा."